१८१ ग्रॅमांचा हिशेब

धान्याच्या पेठेत ‘कडता’ नावाची एक चीज असते. शेतकऱ्याने पोते काट्यावर ठेवले, की व्यापारी एकूण वजनातून काही वजन कापून घेतो : गोणपाटाचे इतके, ओलाव्याचे इतके, मातीखड्याचे इतके. गोणपाटाला वजन असते ही गोष्ट कोणी नाकारत नाही. गोणपाट धान्याच्या भावाने विकत घ्या, असे शेतकरीही म्हणणार नाही. भांडण वजावट करावी की करू नये याचे नसतेच. ती किती करावी, कोणत्या नावाने करावी, आणि ती ठरवणाराचे हित कशात गुंतले आहे, याचे ते भांडण असते.

माणसांचे दोन गट घ्यायचे आणि त्यांच्या मेंदूंची तुलना करायची, हा उद्योग युरोपात गेल्या शतकाच्याही आधीपासून चालत आला आहे. पुरुष आणि स्त्रिया, जर्मन आणि फ्रेंच, रोगी आणि निरोगी, म्हातारे आणि तरुण अशा नाना जोड्या लावून झाल्या. साधने पालटली. पूर्वी कवटीत बाजरीसारखे बी किंवा शिशाचे छरे भरून पोकळी मोजत. आज माणूस जिवंतपणीच यंत्राच्या बोगद्यात आडवा होतो आणि त्याच्या मेंदूचे लाखो ठिपक्यांचे चित्र संगणकावर उमटते. कडता मात्र तोच राहिला. त्या कडत्याची हकीकत येथे सांगायची आहे.

पॉल ब्रोका हे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते ते मेंदूतील वाचेच्या केंद्रामुळे. १८६१ साली त्याने एका वाचा गेलेल्या रोग्याच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढल्या भागातील विकृती दाखवून दिली. हा शोध खरा आणि थोर. परंतु त्याच वर्षी, त्याने स्वतः १८५९ साली पॅरिसमध्ये स्थापन केलेल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत, दुसराही एक वाद रंगला होता. मेंदूच्या आकाराचा आणि बुद्धीचा संबंध आहे की नाही? ग्रातिओले नावाचा शास्त्रज्ञ म्हणे, नाही. ब्रोका म्हणे, आहे. आणि ब्रोकाजवळ आकडे होते.

पॅरिसच्या रुग्णालयांत झालेल्या शवविच्छेदनांतून त्याने २९२ पुरुषांचे मेंदू तोलले होते. सरासरी १,३२५ ग्रॅम भरली. स्त्रियांचे १४० मेंदू. सरासरी १,१४४ ग्रॅम. फरक १८१ ग्रॅमांचा. आता कोणालाही पहिली शंका येईल ती ब्रोकालाही आली होती. बायका अंगापिंडाने लहान असतात. मोठ्या शरीराला मोठा मेंदू आणि लहान शरीराला लहान, यात नवल ते काय? तेव्हा हे १८१ ग्रॅम निव्वळ शरीराच्या आकारापोटी तर आलेले नाहीत ना? ब्रोकाने शंका मांडली आणि पुढच्याच पावलावर ती निकालातही काढली. त्याच्या म्हणण्याचा मतलब असा : स्त्रिया सरासरीने पुरुषांपेक्षा थोड्या कमी बुद्धिमान असतात हे विसरून चालणार नाही, तेव्हा मेंदूतील फरक काही शरीरामुळे आणि काही बुद्धीमुळे, असे मानायला हरकत नाही. जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरून ते सिद्ध केल्याचा हा नमुना तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालण्यासारखा आहे. शरीरापायी किती ग्रॅम वजा करावेत याचे गणित त्याने केलेच नाही.

त्याला ते गणित येत नव्हते असे म्हणावे, तर तसेही नाही. हुश्के नावाच्या जर्मनाने १८५४ साली जाहीर केले होते, की जर्मन मेंदू फ्रेंच मेंदूपेक्षा सरासरीने १०० ग्रॅम जड असतो. ग्रातिओलेने हाच दाखला ब्रोकाच्या तोंडावर फेकला : आकार म्हणजेच बुद्धी असेल, तर मग जर्मन आपल्यापेक्षा शहाणे ठरले, पत्करता का हे? ब्रोका मुळीच पत्करणार नव्हता. त्याने हिशेबाची वही उघडली. जर्मन माणूस अंगाने थोराड. त्यापायी इतके ग्रॅम वजा. वयाबरोबर मेंदू झिजतो, तेव्हा वयापायी इतके. मरणापूर्वीच्या प्रकृतीचाही परिणाम होतो, त्यापायी इतके. वजावट संपता संपता जर्मनांची आघाडी तर नाहीशी झालीच, उलट पारडे फ्रेंचांच्या बाजूला किंचित झुकले!

माणूस लबाड होता असे मला वाटत नाही. त्याचे आकडे चोख होते, मोजण्याची शिस्त त्याच्या काळात अद्वितीय होती. परंतु स्वतःच्या राष्ट्राची बाजू आली तेव्हा तीन वजावटी सुचल्या, आणि स्त्रियांची बाजू आली तेव्हा एकही करावीशी वाटली नाही. आकडा खोटा न सांगताही खोटे सांगता येते ते असे.

ब्रोकाने न केलेले गणित पुढे शंभराहून अधिक वर्षांनी हार्वर्डच्या स्टीफन जे गूल्डने केले. त्याला आढळले, की ब्रोकाच्या यादीतील स्त्रिया पुरुषांपेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या होत्या आणि पुरुष स्त्रियांपेक्षा जवळजवळ अर्धा फूट उंच होते. उंची आणि वय या दोन्हींची रीतसर वजावट करताच १८१ चे ११३ ग्रॅम उरले. एक तृतीयांशाहून अधिक फरक दोनच राशींनी गिळला. बाकीच्या ११३ चे काय? कोण कशाने मेला, किती दिवस अंथरुणाला खिळून होता, लहानपणी खायला काय मिळाले होते, यांची नोंद हाती नाही. म्हणून तो आकडा बुद्धीच्या खात्यावर टाकण्याचा अधिकार कोणाला पोचत नाही. गूल्डनेही तो टाकला नाही.

हे वाद दिवाणखान्यातले नव्हते. १८७२ साली म्यूनिकचा शरीरशास्त्रज्ञ बिशॉफ याने स्त्रियांना वैद्यकाचे शिक्षण देऊ नये म्हणून पुस्तिका लिहिली, तिच्या मुळाशी मेंदूचे वजन होते. (हा गृहस्थ वारल्यावर त्याचा स्वतःचा मेंदू तोलला, तो त्याने स्त्रियांसाठी दिलेल्या सरासरीपेक्षाही काही ग्रॅम हलका भरला, असे सांगतात.) पॅरिसमध्येच ब्रोकाच्या पठडीतला मानूव्रिए मात्र उलट बोलू लागला. त्याचे म्हणणे, की नुसते शरीराचे वजन काय कामाचे? चरबीला मेंदू लागत नाही. शरीरातील हालचाल करणाऱ्या, काम करणाऱ्या भागाच्या मानाने मेंदू पाहा. तसे पाहिले तेव्हा स्त्रियांचाच मेंदू थोडा जड भरला. आता पाहा, वजन तेच, माणसे तीच. वजावटीचे माप बदलले आणि निकाल फिरला. मानूव्रिएचा हेतू ब्रोकापेक्षा उदार होता, याने त्याचे माप आपोआप बरोबर ठरत नाही. ही गोष्ट त्याच्या चाहत्यांना फारशी आवडत नाही.

वजावट पदरच्या अंदाजाने करण्याऐवजी आकड्यांतूनच काढण्याची युक्ती शतक सरता सरता इंग्लंडात आकाराला आली. युक्ती सोपी आहे. पुरुषांतल्या पुरुषांत पाहायचे : उंची एक इंचाने वाढली तर मेंदू सरासरीने किती ग्रॅमांनी वाढतो? स्त्रियांतल्या स्त्रियांतही तेच पाहायचे. हा जो दर इंचामागचा चढ मिळेल, त्याने दोन्ही गटांना एकाच उंचीवर आणून ठेवायचे, आणि मग उरलेला फरक वाचायचा. ज्या राशीपायी अशी वजावट करायची, तिला संख्याशास्त्रात सहचल राशी म्हणतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात कार्ल पीअर्सन आणि त्याचा सहकारी यूल यांनी या गणिताची हत्यारे घडवली. १८९९ साली यूलने इंग्लंडातील गरिबांच्या संख्येवर असा हिशेब मांडला आणि तळटीपेत एक प्रामाणिक सूचना घातली, की जिथे ‘यामुळे’ असे लिहिले आहे तिथे वाचकाने काटेकोरपणे ‘याच्या जोडीने’ असे वाचावे. पुढल्या पिढ्यांनी यूलचे गणित घेतले आणि तळटीप विसरली.

त्याच कॉलेजात अ‍ॅलिस ली नावाची बाई पीअर्सनच्या हाताखाली काम करीत होती. तिने जिवंत माणसाच्या डोक्याची लांबी, रुंदी, उंची यांवरून कवटीची पोकळी काढण्याची सूत्रे बसवली आणि ती तीन मंडळींना लावली : १८९८ साली डब्लिनला जमलेले ३५ शरीरशास्त्रज्ञ, युनिव्हर्सिटी कॉलेजातील २५ पुरुष अध्यापक आणि बेडफर्ड कॉलेजातील ३० विद्यार्थिनी. मग तिने नावांसकट क्रम लावला! अनेक नामवंतांची डोकी काही मुलींपेक्षा लहान निघाली. नामवंत शरीरशास्त्रज्ञ सर विल्यम टर्नर हा तळापासून आठवा. तो लीच्या प्रबंधाचा परीक्षकही होता. पदवीला खळखळ झाली यात नवल नाही. १९०१ साली प्रबंध रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत छापला गेला आणि डॉक्टरेटही मिळाली. तिने बुद्धीची वजावट कवटीतून केली नाही. कवटीवरून बुद्धी वाचताच येत नाही, एवढेच दाखवले. पीअर्सन आणि गॉल्टन हे दोघेही सुप्रजननाच्या वेडाने झपाटलेले होते, वंशांच्या उच्चनीचतेवर त्यांचा विश्वास होता. त्यांच्याच घरात हे घडले.

आपल्याकडचा एक धागा येथे जुळतो. १९२० साली नागपुरास सायन्स काँग्रेसचे अधिवेशन भरले असताना प्रशांतचंद्र महालनोबीस या भौतिकशास्त्राच्या तरुण प्राध्यापकाची गाठ नेल्सन अ‍ॅनंडेलशी पडली. अ‍ॅनंडेलजवळ कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची मोजमापे होती. त्या आकड्यांवर महालनोबीसांनी १९२२ साली निबंध लिहिला, आणि त्याच वाटेने १९३६ साली दोन गटांतील ‘अंतर’ मोजण्याचे त्यांचे प्रसिद्ध सूत्र आले. त्या सूत्राचे मर्म असे, की उंची आणि हाताची लांबी ही जोडीने वाढणारी मापे आहेत. तेव्हा दोन्ही स्वतंत्र पुरावे म्हणून मोजू नयेत, एकातून दुसऱ्याचा वाटा आधी काढावा.

आणि बर्लिनला, १९२८ ते १९३० या काळात, आमच्या इरावतीबाई कर्वे ओयगेन फिशरच्या संस्थेत कवट्या मोजीत होत्या. विषय होता कवटीच्या डाव्याउजव्या बाजूंतील फरक. फिशरचा कल असा, की युरोपियनांच्या कवटीत ही विषमता वेगळ्या प्रकारची असेल आणि त्यातून त्यांचे श्रेष्ठत्व दिसेल. बाईंनी मोजले, विषमतेचा वंशाशी संबंध आढळला नाही, तसे त्यांनी लिहिले. परदेशी विद्यार्थिनीने बर्लिनमध्ये, गुरूच्या अपेक्षेविरुद्ध! या कामात एक सोय अंगभूत होती, तिच्याकडे मला लक्ष वेधावेसे वाटते. डावी बाजू उजवीशी ताडायची, तीही त्याच कवटीत. म्हणजे माणसाची उंची, वय, आजार दोन्ही बाजूंना सारखेच. कडता कापायची गरजच कमी. पुढे १९५१ साली डेक्कन कॉलेजातून इरावतीबाईंनी वि. म. दांडेकरांच्या सहकार्याने महाराष्ट्रातील मोजमापांचा ग्रंथ काढला, तेव्हा मानववंशशास्त्रज्ञाच्या शेजारी संख्याशास्त्रज्ञ बसवण्याची पद्धत इथे रुळली होती.

आता थोडे शेतात जाऊ. वजावटीच्या गणिताला आजचे पक्के रूप रोनाल्ड फिशरने दिले. (बर्लिनचा फिशर वेगळा.) रॉथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात काम करताना त्याने ‘सहविचरण-विश्लेषण’ बसवले, आणि १९३२ साली आपल्या पुस्तकाच्या चौथ्या आवृत्तीत ते घातले. उदाहरण होते सिलोनच्या चहाचे. चहाच्या वाफ्यांवर खतांचा प्रयोग करायचा. पण काही वाफे मुळातच कसदार असतात. मग प्रयोगाआधी प्रत्येक वाफ्याने किती पाने दिली होती ते पाहायचे आणि त्याची वजावट करायची. किती समंजस! परंतु या समंजसपणाला दोन खांब आहेत. एक, कोणत्या वाफ्याला कोणते खत हे चिठ्ठी टाकून ठरवलेले असते. त्यामुळे कसदार वाफे एका बाजूला गेले असलेच, तर ते निव्वळ योगायोगाने. दुसरा खांब असा, की आदल्या वर्षीचे पीक यंदाच्या खताने वाढू शकत नाही.

हे दोन्ही खांब काढून घ्या आणि छप्पर तसेच राहील अशी आशा धरा, म्हणजे मेंदूंच्या तुलनेचा पुढला सारा इतिहास झाला. माणूस पुरुष व्हावा की स्त्री, रोगी व्हावा की निरोगी, हे कोणी चिठ्ठ्या टाकून ठरवीत नाही. कॉक्रनने १९५७ साली याच पद्धतीवर लिहिताना सावध केले होते, की ज्या राशीवर उपायाचाच परिणाम होतो ती राशी वजा केली, तर उपायाचा गुणही तिच्याबरोबर वजा होतो. जमिनीत किडे मारण्याचे औषध घातले. किडे मेले, म्हणून पीक वाढले. आता हुशार माणसाने ‘किड्यांच्या संख्येची वजावट’ केली, तर औषध निरुपयोगी ठरेल!

१९६७ साली फ्रेडरिक लॉर्ड नावाच्या अमेरिकन मानसमापनतज्ज्ञाने जेमतेम दोन पानांचा एक निबंध लिहिला. एका विद्यापीठाच्या खानावळीत मुलगे आणि मुली वर्षभर जेवतात. सप्टेंबरात सर्वांची वजने घेतली, पुन्हा जूनमध्ये घेतली. पहिला संख्याशास्त्रज्ञ पाहतो : मुलांची सरासरी जिथल्या तिथे, मुलींचीही जिथल्या तिथे. जेवणाचा फरक काही नाही. दुसरा म्हणतो, असे नव्हे. सुरुवातीच्या वजनाची वजावट करा. सप्टेंबरात सारख्याच वजनाचा मुलगा आणि मुलगी घेतली, तर जूनमध्ये मुलगा जड निघतो. अर्थात मुलगे अधिक वाढले. दोघांचेही गणित अचूक! लॉर्डने निवाडा दिला नाही. आधीपासूनच भिन्न असलेल्या दोन गटांना ‘समान असते तर’ असे म्हणण्याची सोय कोणत्याही गणितात नाही, एवढे सांगून तो थांबला. त्या निबंधावर आजतागायत वाद चालू आहे.

मेंदूची चित्रे घेणारी यंत्रे विसाव्या शतकाच्या सत्तरीत आली आणि ऐंशीच्या दशकात चुंबकीय पद्धतीची, म्हणजे ‘एम.आर.आय.’ची चित्रे मिळू लागली. आयोवाच्या नॅन्सी अँड्रियासन या बाई त्यातल्या आघाडीच्या. वैद्यकात येण्यापूर्वी त्या इंग्रजी साहित्य शिकवीत असत, हे दिवाळी अंकाच्या वाचकांना सांगायला हवे. १९८६ साली त्यांनी सांगितले, की छिन्नमनस्कतेच्या, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांत मेंदूचा पुढला भाग आणि एकंदर डोकेही लहान आढळते. मग विचारणा झाली, की तुलनेला घेतलेली निरोगी माणसे रोग्यांहून अधिक शिकलेली तर नव्हती? शिक्षण, घरची स्थिती, पोषण, डोक्याचा आकार यांची गुंफण असते. १९९० साली बाईंनी रोग्यांच्या बरोबरीचे शिक्षण असलेली माणसे तुलनेला घेऊन पुन्हा पाहिले. पहिला निष्कर्ष टिकला नाही.

म्हणजे शंकेखोरांचा जय झाला? येथेच खरी अडचण उभी राहते. छिन्नमनस्कता बहुधा विशीच्या आसपास प्रकट होते, म्हणजे नेमकी कॉलेजच्या वयात. पुष्कळ मुले त्या आजारानेच शिक्षण सोडतात. मग अर्धवट शिक्षण हे आजाराचे कारण, की आजाराची खूण? खूण असेल, तर तिची वजावट करणे म्हणजे आजारच थोडाथोडा वजा करणे. मिनेसोटाच्या पॉल मील यांनी १९७० साली हा पेच मांडून ठेवला होता : रोग्याइतकेच कमी शिकलेला निरोगी माणूस शोधून आणला, तर तो निरोग्यांतला सामान्य माणूस राहत नाही, एका बाजूची गुंतागुंत सोडवताना दुसऱ्या बाजूची बिघडते. औषधांचे तर विचारूच नका. रोगी वर्षानुवर्षे गोळ्या घेत असतो, निरोग्याने एकही घेतलेली नसते. तेव्हा ‘औषधाच्या मात्रेची वजावट केली’ असे दोन गटांच्या तुलनेत कोणी लिहिले, तर समजावे की एका गटात जी राशी शून्याच्या वर कधी गेलीच नाही, तिच्याबद्दल संगणकाने अंदाज बांधला आहे.

संगणकाचे नाव निघाले म्हणून पुढचे सांगतो. १९९० च्या सुमारास लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात कार्ल फ्रिस्टनने मेंदूच्या चित्रांतील प्रत्येक ठिपक्यावर हे गणित चालवण्याची व्यवस्था केली आणि ती सर्वांना मोफत वाटली. त्याची पहिली अडचण वजावटीचीच होती : एखाद्या ठिकाणचा रक्तप्रवाह वाढला असे म्हणताना, साऱ्या मेंदूचाच प्रवाह वाढला असेल तर तो वजा कसा करावा? १९९० साली त्याने त्यासाठी फिशरची सिलोनच्या मळ्यातली युक्ती मेंदूत आणली. चहाचे सोळा वाफे आणि मेंदूतले लाखभर ठिपके, गणित तेच. मात्र रोगाने साऱ्या मेंदूचाच प्रवाह मंदावला असेल, तर सरासरी वजा केल्यावर न बिघडलेला भाग ‘वाढलेला’ दिसू लागतो. पार्किन्सनच्या रोगाबद्दल या मुद्द्यावर बरीच हमरीतुमरी झाली.

जे गणित पूर्वी हाताने आठवडाभर घासावे लागे आणि त्या आठवड्यात माणसाला विचार करणे भाग पडे, ते आता एक खूण करताच होते. वय? खूण. शिक्षण? खूण. डोक्याचा आकार? खूण. वजावट जितकी अधिक तितका निष्कर्ष शुद्ध, अशी समजूत या सोयीतून बळावली.

वयाचेच घ्या. रोगी सरासरीने ६५ वर्षांचे, निरोगी २५ चे. मेंदू वयाबरोबर झिजतो, तेव्हा वयाची वजावट केली. म्हणजे केले काय? दोन्ही गटांच्या रेषा लांबवून ४५ व्या वर्षापाशी आणल्या आणि तिथे तुलना केली. त्या वयाचा माणूस दोन्ही गटांत एकही नाही! आणि दोन रेषांचा उतार निरनिराळा असला, रोग्यांचा मेंदू वर्षाला अधिक झिजत असला, तर ‘गटांत फरक किती’ या प्रश्नाला एक उत्तरच उरत नाही. तिशीत एक, साठीत दुसरे. वय कोठून मोजायचे यावर उत्तर अवलंबून राहते. दोन्ही गटांचे वय एकाच सामाईक सरासरीपासून मोजले, तर वयाची वजावट निदान होते तरी. पण प्रत्येक गटाचे वय त्याच्या त्याच्याच सरासरीपासून मोजले, तर ६५ चा म्हातारा आणि २५ चा तरुण दोघेही शून्यावर येतात. अहवालात ‘वयाची वजावट केली’ असे छापून येते, आणि म्हातारपणाचा फरक रोगाच्या नावावर जसाच्या तसा जमा राहतो. ही सोंगटी कोणत्या घरात ठेवायची हे यंत्र विचारते. उत्तर मात्र माणसाने द्यायचे असते, आणि पुष्कळदा तो यंत्रात आधीच मांडून ठेवलेले तसेच राहू देतो.

२०१२ साली आणखी एक धक्का बसला. लहान मुलांच्या मेंदूत जवळजवळची केंद्रे एकमेकांशी घट्ट जोडलेली आणि दूरची सैल असतात, मोठेपणी उलटे होते, असा सिद्धान्त लोकप्रिय झाला होता. अमेरिकेतील तीन निरनिराळ्या गटांनी दाखवले, की डोके अगदी किंचित हलले तरी चित्रात नेमका हाच आभास निर्माण होतो. आणि यंत्रात मुले मोठ्यांपेक्षा जास्त हलतात, हे कोणत्याही आईने सांगितले असते! सिद्धान्त सगळा कोसळला नाही, पण त्यातला मोठा भाग गळाला. तेव्हापासून हालचालीची वजावट सक्तीचीच झाली. ती असावीही. पण एक जागा अडते : चंचलता हाच ज्या मुलांचा आजार, त्यांची हालचाल पूर्ण वजा केल्यावर चित्रात कोण उरतो?

ब्रोकाच्या १८१ ग्रॅमांचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. २०१८ साली एडिंबरोच्या संशोधकांनी ब्रिटनमधील २,७५० स्त्रिया आणि २,४६६ पुरुषांची चित्रे तपासली. नुसते आकारमान पाहिले तर पुरुषांचे जवळजवळ सर्वच भाग मोठे. एकूण मेंदूच्या आकाराची वजावट करताच बहुतेक फरक खूप आकसले, काही नाहीसे झाले, काही थोडे उरले. २०२१ साली तीस वर्षांच्या संशोधनाचा गोषवारा निघाला : पुरुषांचा मेंदू सुमारे ११ टक्के मोठा, तो आकार बाजूला काढला, तर मेंदूमेंदूंतल्या एकंदर विविधतेपैकी जेमतेम १ टक्का लिंगभेदाने समजतो. ब्रोकाने जी वजावट टाळली ती आता पहिल्या ओळीत असते. तरीही वाद मिटला नाही. कारण एकूण आकार हा गोणपाट आहे की धान्य, यावर दोन्ही बाजूंचे एकमत नाही. मेंदूचा आकारच जर लिंगभेदाचा एक परिणाम असेल, तर कॉक्रनचे किडे येथेही वळवळू लागतात. माझे मत विचाराल, तर ‘अमुक इतकाच मोठा मेंदू असता तर त्याची घडण वेगळी असती का’ हा प्रश्न असेल तेव्हा वजावट करावी, आणि प्रश्न कोणता ते मथळ्यात लिहावे. दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापले तर फार उत्तम.

२०१९ साली हैदराबादच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेने शंभर तरुण भारतीयांच्या मेंदूंवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला. तोवर आपल्याकडील डॉक्टर माँट्रियलला पाश्चात्त्य मेंदूंवरून बनवलेला साचा वापरीत. नव्या नकाशाची लांबी, रुंदी आणि आकारमान त्या साच्याहून कमी भरले, आणि ‘भारतीयांचा मेंदू लहान’ अशी बातमी वर्तमानपत्रांतून फिरली. मंडळी चिडली, काहींनी टिंगल केली. वास्तविक नकाशा करणाऱ्यांना कडता कापायचाच नव्हता. रोग्याच्या मेंदूतली अमुक गाठ कोठे आहे, अमुक भाग झिजला आहे काय, हे पाहायला साचा डोक्याला बसावा लागतो. तिथे उंचीची वजावट केलेले डोके काय कामाचे? पागोटे बांधणारा डोक्याचा घेर जसा असेल तसाच धरतो. उंची, लहानपणचे पोषण आणि आणखी चार राशी मागायच्या त्या बातमी देणाऱ्याकडे; कारण दोन देशांच्या डोक्यांची तुलना त्याने मांडली होती.